किरणोत्सारी विघटनाची संतुलित केंद्रकीय समीकरणे : लासलगावचा कांदा व दख्खनचा काळा पाषाण यांच्या संदर्भात विवेचन

बीजशब्द : केंद्रकीय समीकरण, अणुवस्तुमानांक, अणुअंक, अल्फा-बीटा विघटन, कोबाल्ट-६०, पोटॅशियम-४०, अन्न-विकिरण.

प्रस्तावना

विज्ञान शाखेच्या पदवी वर्गात केंद्रकीय भौतिकी शिकविताना जो घटक सर्वांत सोपा समजून लवकर उरकला जातो, तो म्हणजे किरणोत्सारी विघटनाचे समीकरण लिहिणे. वरच्या अंकांची बेरीज जुळवावी, खालच्या अंकांची बेरीज जुळवावी, आवर्तसारणीत नव्या मूलद्रव्याचे नाव पाहावे आणि दोन गुण पदरात पाडून घ्यावेत, अशी ही रीत आहे. परीक्षेपुरती ती पुरेशीही आहे. परंतु त्याच विद्यार्थ्याला, ‘लासलगावला किरणे देऊन साठविलेला कांदा खाल्ला तर तो किरणोत्सार आपल्या अंगात शिरतो काय?’ असे विचारले, की तो एक तर गप्प राहतो किंवा ‘शिरत असावा’ असे चाचरत सांगतो. शेतकरी कुटुंबातून आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. या प्रश्नाचे उत्तर ज्या समीकरणांत आहे ती समीकरणे त्याने वहीत अनेकदा जुळविलेली असतात, मात्र ती वाचावयाची कशी हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

समीकरणाचा ताळा जुळणे म्हणजे नेमके काय सिद्ध होणे, आणि ताळा जुळूनही काय अनिर्णित राहते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. त्यासाठी महाराष्ट्रातील दोन उदाहरणे घेतली आहेत. एक नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या विकिरण केंद्राचे, आणि दुसरे दारव्हा परिसरातील काळ्या जमिनीखाली सर्वत्र पसरलेल्या दख्खनच्या पाषाणाचे.

लेखनपद्धती

छापील ग्रंथांत मूलद्रव्याच्या संज्ञेच्या डावीकडे वर अणुवस्तुमानांक व खाली अणुअंक लिहितात. येथे मजकुराच्या सोयीसाठी हे दोन्ही अंक मूलद्रव्याच्या नावापुढे कंसात त्याच क्रमाने दिले आहेत. कोबाल्ट (६०, २७) याचा अर्थ असा, की या केंद्रकात प्रोटॉन व न्यूट्रॉन मिळून ६० कण असून त्यांपैकी २७ प्रोटॉन आहेत. न्यूट्रॉन (१, ०), प्रोटॉन (१, १), अल्फा कण म्हणजेच हेलियमचे केंद्रक (४, २), इलेक्ट्रॉन (०, −१) आणि गॅमा (०, ०) अशी इतर घटकांची नोंद होईल.

यातील इलेक्ट्रॉनच्या नोंदीपाशी विद्यार्थी हमखास अडखळतो. ‘उणे एक प्रोटॉन’ म्हणजे काय, असा त्याचा प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. कंसातील दुसरा अंक हा मुळात विद्युतप्रभाराचा अंक आहे. केंद्रकाच्या बाबतीत तो प्रोटॉनांच्या संख्येइतका असतो, एवढेच. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना हा अंक जुळविणे म्हणजे विद्युतप्रभार अक्षय्य राहतो असे म्हणणे होय, तर पहिला अंक जुळविणे म्हणजे केंद्रकीय कणांची एकूण संख्या अक्षय्य राहते असे म्हणणे होय. ही दोन विधाने स्वतंत्र आहेत. ‘वरचे’ आणि ‘खालचे’ अशा शब्दांत ती शिकविल्यामुळे त्यांच्यामागील नियम झाकले जातात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रासायनिक समीकरणाची सवयही येथे आड येते. तेथे प्रत्येक मूलद्रव्याचे अणू दोन्ही बाजूंना तितकेच ठेवावयाचे असतात. येथे मूलद्रव्यच बदलते, किंबहुना ते बदलते म्हणूनच समीकरण लिहावे लागते. अर्नेस्ट रदरफोर्ड व फ्रेडरिक सॉडी यांनी १९०२ च्या सुमारास मूलद्रव्यांच्या या परिवर्तनाची कल्पना मांडली, तेव्हा किमयागारांचे जुने स्वप्न मागील दाराने परत आले की काय, अशी शंका अनेकांना आली होती. १९१३ मध्ये सॉडी आणि काझिमिर फायान्स यांनी स्वतंत्रपणे स्थानांतराचा नियम मांडला. अल्फा कण बाहेर पडला तर मूलद्रव्य आवर्तसारणीत दोन घरे मागे सरकते व बीटा कण बाहेर पडला तर एक घर पुढे जाते, असा तो नियम आहे. आज आपण जे अंक जुळवितो तो याच नियमाचा हिशेब होय.

अल्फा व बीटा विघटन

युरेनियमचे उदाहरण सर्वपरिचित आहे.

युरेनियम (२३८, ९२) → थोरियम (२३४, ९०) + हेलियम (४, २)

थोरियमचे हे केंद्रक बीटा कण टाकते :

थोरियम (२३४, ९०) → प्रोटॅक्टिनियम (२३४, ९१) + इलेक्ट्रॉन (०, −१) + प्रतिन्यूट्रिनो (०, ०)

पहिल्या विघटनाचे अर्धायुष्य सुमारे ४.४७ अब्ज वर्षे आहे, दुसऱ्याचे सुमारे २४ दिवस. दोन्ही समीकरणे कागदावर सारख्याच सहजतेने जुळतात आणि काळाचा हा प्रचंड फरक त्यांत कोठेही दिसत नाही, याची नोंद वाचकाने आताच घ्यावी.

युरेनियम-२३८ ची साखळी शेवटी शिसे (२०६, ८२) येथे थांबते. वाटेत किती अल्फा व किती बीटा कण बाहेर पडतात, हे साखळी पाठ न करताही काढता येते. बीटा विघटनाने अणुवस्तुमानांक बदलत नसल्याने प्रथम तोच पाहावा. २३८ व २०६ यांतील फरक ३२, म्हणजे ८ अल्फा कण. आठ अल्फा कणांनी अणुअंक १६ ने घटून ७६ व्हावयास हवा होता, पण तो प्रत्यक्षात ८२ आहे. तेव्हा ही ६ ची भर घालणारे ६ बीटा कण असलेच पाहिजेत. थोरियम (२३२, ९०) पासून शिसे (२०८, ८२) पर्यंतचा हिशेब याच रीतीने केला असता ६ अल्फा व ४ बीटा मिळतात.

बीटा विघटनात बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन अणूच्या बाह्य कक्षेतील नव्हे. तो केंद्रकात आधीपासून साठवून ठेवलेलाही नसतो. केंद्रकातील एक न्यूट्रॉन प्रोटॉनमध्ये रूपांतरित होतो त्या क्षणी तो निर्माण होतो :

न्यूट्रॉन (१, ०) → प्रोटॉन (१, १) + इलेक्ट्रॉन (०, −१) + प्रतिन्यूट्रिनो (०, ०)

प्रतिन्यूट्रिनोचे दोन्ही अंक शून्य असल्याने तो लिहिला काय किंवा वगळला काय, ताळा जुळतोच. पुष्कळ पाठ्यपुस्तके तो वगळतात. परंतु याच शून्यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात भौतिकीला मोठा पेच घातला होता. बीटा कण ठरावीक ऊर्जेने बाहेर न पडता शून्यापासून एका कमाल मर्यादेपर्यंत कोणत्याही ऊर्जेने बाहेर पडतात असे आढळले होते. १९२७ मध्ये एलिस व वूस्टर यांनी केलेल्या उष्णतामापनाने उरलेली ऊर्जा उपकरणात कोठेच सापडत नाही हे स्पष्ट झाले. नील्स बोर यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानेही ऊर्जेच्या अक्षय्यतेला येथे मुरड घालण्याची तयारी दाखविली. वुल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये, ही ऊर्जा एक अदृश्य, प्रभारहीन कण घेऊन जात असावा, अशी सूचना केली. त्या कणाचा प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास १९५६ साल उजाडावे लागले. अंकांची बेरीज जुळत असतानाही समीकरण अपुरे होते आणि ते ऊर्जेच्या हिशेबाने उघडकीस आले, हा या इतिहासाचा आपल्या विषयाशी असलेला संबंध होय.

लासलगाव : कोबाल्ट-६० चे समीकरण

भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगाव येथे उभारलेले ‘कृषक’ अर्थात कृषी उत्पादन संरक्षण केंद्र २००२ मध्ये सुरू झाले. कांद्याला साठवणुकीत कोंब फुटू नयेत हा त्याचा मूळ हेतू. पुढे २००७ मध्ये येथेच विकिरण केलेला आंबा अमेरिकेस निर्यात होऊ लागला. या केंद्रात किरणांचा स्रोत कोबाल्ट-६० हा आहे. तो निसर्गात सापडत नाही. साध्या कोबाल्टच्या कांड्या अणुभट्टीत ठेवून तो तयार करतात, आणि भारतात हे काम रावतभाटा येथील वीजनिर्मितीच्या अणुभट्ट्यांत झालेले आहे.

कोबाल्ट (५९, २७) + न्यूट्रॉन (१, ०) → कोबाल्ट (६०, २७) + गॅमा (०, ०)

या कोबाल्ट-६० चे विघटन दोन टप्प्यांत लिहावे. प्रथम

कोबाल्ट (६०, २७) → उत्तेजित निकेल (६०, २८) + इलेक्ट्रॉन (०, −१) + प्रतिन्यूट्रिनो (०, ०)

आणि लगेच

उत्तेजित निकेल (६०, २८) → निकेल (६०, २८) + गॅमा (०, ०) + गॅमा (०, ०)

अर्धायुष्य ५.२७ वर्षे. यावरून स्रोताची तीव्रता दरवर्षी सुमारे १२ टक्क्यांनी घटते, आणि म्हणून अशा केंद्रात ठरावीक काळाने नवा कोबाल्ट भरावा लागतो. बीटा कण धातूच्या बंद नळकांडीतच अडतात. कांद्यापर्यंत पोहोचतात ते केवळ गॅमा किरण.

आता वस्तुमानाचा हिशेब. अणुवस्तुमानांक ६० हा दोन्ही बाजूंना सारखा असला तरी प्रत्यक्ष वस्तुमान सारखे नसते. कोबाल्ट-६० च्या अणूचे वस्तुमान ५९.९३३८२ एकक, निकेल-६० चे ५९.९३०७९ एकक. फरक ०.००३०३ एकक. एका एककाची ऊर्जा सुमारे ९३१.५ मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरल्यास हा फरक २.८२ मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट होतो. दोन गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ व १.३३ आहे, आणि बीटा कण व प्रतिन्यूट्रिनो मिळून ०.३२ घेऊन जातात. बेरीज २.८२. हा तिसरा ताळा विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतः मांडून पाहावा. (येथे बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनचे वस्तुमान वेगळे धरावयाचे नाही. निकेलच्या पूर्ण अणूत कोबाल्टपेक्षा एक इलेक्ट्रॉन अधिक असतो, त्यात ते आलेच.)

मूळ प्रश्न असा, की हे गॅमा किरण पडलेला कांदा किरणोत्सारी होतो काय? वर्गात सामान्यतः दिले जाणारे उत्तर असे, की गॅमाचे दोन्ही अंक शून्य असल्यामुळे तो कोणत्याही केंद्रकात भर घालीत नाही, म्हणून कांदा बदलत नाही. हे उत्तर योग्य दिशेचे आहे, पण पुरे नाही. कारण पुढील समीकरणही तितकेच संतुलित आहे :

कार्बन (१२, ६) + गॅमा (०, ०) → कार्बन (११, ६) + न्यूट्रॉन (१, ०)

कार्बन-११ किरणोत्सारी आहे. कांद्यात कार्बन विपुल आहे. आणि ही अभिक्रिया काल्पनिकही नाही, ती प्रयोगशाळेत घडवून आणता येते. म्हणजे निव्वळ ताळ्यावर विसंबणाऱ्यास कांदा किरणोत्सारी होणारच नाही असे म्हणता येणार नाही. निर्णय होतो तो ऊर्जेवर. कार्बन-१२ मधून एक न्यूट्रॉन काढण्यास किमान १८.७ मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, ऑक्सिजन-१६ मधून १५.७, नायट्रोजन-१४ मधून सुमारे १०.६. ज्यांतून न्यूट्रॉन सर्वांत सहज निघतो असे ड्यूटेरियम व बेरिलियमदेखील अनुक्रमे सुमारे २.२ आणि १.६७ मागतात. कोबाल्टच्या गॅमा किरणाजवळ आहेत १.३३. किरण कितीही काळ पडत राहिले तरी प्रत्येक किरणाची ऊर्जा तेवढीच राहते, त्यामुळे मात्रा वाढवूनही हा उंबरठा ओलांडला जात नाही. कोडेक्स ॲलिमेंटेरियस या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने अन्नासाठी कोबाल्ट-६० व सीझियम-१३७ यांचे गॅमा किरण मान्य केले आणि यंत्राने निर्माण केलेल्या क्ष-किरणांना ५, तर इलेक्ट्रॉनांना १० मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्टची मर्यादा घातली, त्यामागे हाच विचार आहे.

कांद्यास दिली जाणारी मात्रा सुमारे ६० ते ९० ग्रे, म्हणजे किलोमागे ९० ज्यूलपर्यंत असते. इतक्या उष्णतेने पाण्याचे तापमान एक अंशाच्या पन्नासाव्या भागाइतके वाढेल. ही अल्प ऊर्जा कोंबाच्या वाढीच्या टोकावरील पेशींच्या डीएनएस इजा करते व पेशीविभाजन थांबविते. परिणाम रेणूंवर होतो, केंद्रकांवर नव्हे. मराठी बोलीत ‘किरणे दिली’ आणि ‘किरणोत्सारी झाले’ यांतील भेद पुसट आहे. दोहोंना ‘अणूचे किरण’ म्हटले जाते आणि गैरसमजाचे निम्मे मूळ तेथेच असावे. क्ष-किरण छायाचित्र काढून आलेला रुग्ण स्वतः किरणे फेकीत नाही, हे मात्र कोणासही पटते.

संतुलित, तरीही असत्य

ऊर्जेचा निकष मनात ठसण्यासाठी विद्यार्थ्यांपुढे पुढील दोन समीकरणे ठेवणे उपयुक्त ठरते.

युरेनियम (२३८, ९२) → प्रोटॅक्टिनियम (२३७, ९१) + प्रोटॉन (१, १)

कोबाल्ट (५९, २७) → निकेल (५९, २८) + इलेक्ट्रॉन (०, −१) + प्रतिन्यूट्रिनो (०, ०)

दोन्ही निर्दोष जुळतात. दोन्ही आपोआप कधीच घडत नाहीत, कारण उजव्या बाजूचे वस्तुमान डावीपेक्षा अधिक भरते. निकेल-५९ च उलट कक्षेतील इलेक्ट्रॉन गिळून कोबाल्ट-५९ होते. एखाद्या दुकानदाराची वही जमाखर्चात चोख जुळावी आणि तो व्यवहारच झालेला नसावा, तसे हे आहे.

याच्या उलट प्रकार विखंडनात दिसतो. तारापूर येथील अणुवीजकेंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, त्यात युरेनियम-२३५ चे केंद्रक न्यूट्रॉन शोषून फुटते. त्याचे एक समीकरण असे :

युरेनियम (२३५, ९२) + न्यूट्रॉन (१, ०) → बेरियम (१४१, ५६) + क्रिप्टॉन (९२, ३६) + ३ न्यूट्रॉन (१, ०)

बेरियम (१४४, ५६) व क्रिप्टॉन (८९, ३६) ही जोडीही तीन न्यूट्रॉनांसह तितकीच जुळते, आणि अशा कितीतरी जोड्या प्रत्यक्षात निर्माण होतात. परीक्षेत ‘विखंडनाचे समीकरण’ असा एकवचनी प्रश्न विचारला जातो, तो तितकासा बरोबर नाही.

पोटॅशियम-४० आणि दख्खनचा पाषाण

एकाच केंद्रकाला दोन वाटा मोकळ्या असण्याचे सर्वांत जवळचे उदाहरण पोटॅशियम-४० हे आहे. निसर्गातील पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत सुमारे एक अणू या समस्थानिकाचा असतो.

पोटॅशियम (४०, १९) → कॅल्शियम (४०, २०) + इलेक्ट्रॉन (०, −१) + प्रतिन्यूट्रिनो (०, ०)

पोटॅशियम (४०, १९) + इलेक्ट्रॉन (०, −१) → आर्गॉन (४०, १८) + न्यूट्रिनो (०, ०)

दुसऱ्या समीकरणात केंद्रक स्वतःच्याच अणूच्या आतील कक्षेतील इलेक्ट्रॉन ओढून घेते. म्हणून येथे इलेक्ट्रॉन डाव्या बाजूस लिहावयाचा असतो, आणि नेमका येथेच तो उजवीकडे लिहून अणुअंकाची गल्लत केली जाते. शंभरापैकी सुमारे ८९ केंद्रके पहिली वाट धरतात, ११ दुसरी. ही टक्केवारी कोणत्याही बेरजेतून निघत नाही, ती मोजूनच ठरवावी लागते. दोन्ही वाटा मिळून अर्धायुष्य सुमारे १.२५ अब्ज वर्षे आहे. पोटॅशियम सजीवांत सर्वत्र असल्यामुळे कांद्यातही ते आहे. किलोभर कांद्यातील सुमारे दीड ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे ४५ केंद्रके विघटित होत असतात. कृषक केंद्रात नेण्यापूर्वी जितकी, तितकीच बाहेर आणल्यावर. प्रौढ माणसाच्या शरीरात हा आकडा चार हजारांवर जातो.

यवतमाळ जिल्ह्याचा वणीकडील दगडी कोळशाचा भाग सोडल्यास बहुतांश भूमी दख्खनच्या ज्वालामुखीय पाषाणावर वसलेली आहे. आपली कापसाची काळी जमीन त्याच पाषाणाची झीज होय. हा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, हे सांगता येते ते मुख्यतः वरील दुसऱ्या समीकरणामुळे. लाव्हा तप्त व द्रवरूप असताना त्यातील आर्गॉन वायू निसटून जातो. तो थिजला, की पुढे निर्माण होणारा आर्गॉन स्फटिकांत अडकून राहतो. पोटॅशियम व आर्गॉन यांचे प्रमाण मोजले की वय मिळते. पहिल्या समीकरणातून निर्माण होणारा कॅल्शियम आठपट अधिक असूनही निरुपयोगी ठरतो, कारण या पाषाणात साधे कॅल्शियम मुळातच विपुल आहे आणि त्यात ही नवी भर ओळखूच येत नाही.

आकडे लहान आहेत. ६.६ कोटी वर्षांत पोटॅशियम-४० च्या एक लाख केंद्रकांपैकी सुमारे ३६०० विघटित होतात, आणि त्यांतून आर्गॉनचे जेमतेम ३८० अणू मिळतात. शिवाय पोटॅशियम हा घन आणि आर्गॉन हा वायू. एकाच नमुन्याच्या दोन तुकड्यांवर दोन निराळ्या पद्धतींनी मोजमाप करावयाचे म्हणजे चूक शिरावयास वाव. यावर काढलेला उपाय केंद्रकीय समीकरणाचाच आहे. नमुना अणुभट्टीत ठेवून त्यातील साध्या पोटॅशियमचा काही अंश आर्गॉनमध्ये बदलून घेतात :

पोटॅशियम (३९, १९) + न्यूट्रॉन (१, ०) → आर्गॉन (३९, १८) + प्रोटॉन (१, १)

मग एकाच तुकड्यातून बाहेर काढलेल्या वायूत आर्गॉन-४० व आर्गॉन-३९ यांचे गुणोत्तर मोजले, की पोटॅशियम वेगळे मोजण्याची गरज उरत नाही. अणुभट्टीतील न्यूट्रॉनांचा हिशेब राहावा म्हणून वय आधीच ठाऊक असलेला खनिजाचा नमुना सोबत ठेवतात. पवईच्या आयआयटी मुंबईत या पद्धतीने कालमापन करणारी प्रयोगशाळा आहे. दख्खनच्या लाव्हाथरांचा मोठा भाग भूवैज्ञानिक दृष्ट्या अल्प अशा, सुमारे दहा लाख वर्षांच्या काळात साचला, हा निष्कर्ष ज्या मोजमापांवर उभा आहे त्यांत या पद्धतीचा वाटा मोठा आहे.

अणुभट्टीतून बाहेर आलेला हा आर्गॉन-३९ स्वतः किरणोत्सारी असून सुमारे २७० वर्षांच्या अर्धायुष्याने पुन्हा मूळ पोटॅशियमकडे परततो :

आर्गॉन (३९, १८) → पोटॅशियम (३९, १९) + इलेक्ट्रॉन (०, −१) + प्रतिन्यूट्रिनो (०, ०)

विकिरण व मोजमाप यांत काही महिने गेले असतील, तर तेवढ्या काळातील ही घट धरून गुणोत्तरात दुरुस्ती करावी लागते.